दरीत घडलेला कान : जॉर्ज क्रम्ब, अ‍ॅपलाचिया आणि चार तालवादक

अमेरिकन संगीतकार जॉर्ज क्रम्ब यांच्याकडे आलेली ही फर्माईश घरचीच होती. मुलगी अ‍ॅन ब्रॉडवेवरची गायिका-अभिनेत्री. आपल्या मुलखातली जुनी लोकगीतं माझ्यासाठी बसवून द्या, असं टुमणं तिने बरेच दिवस लावलं होतं. मुलूख म्हणजे वेस्ट व्हर्जिनिया, अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या ऐन कुशीतलं राज्य. २००१ मध्ये वडिलांनी ते मनावर घेतलं. वय सत्तरीपार गेलेलं, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली तीन दशकांची अध्यापकी १९९७ मध्ये संपलेली, आणि नव्वदच्या दशकात हातून लेखनही बेताचंच झालेलं.

अशा फर्माइशीचं ठरलेलं उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. एक फिडल, एक बॅन्जो, एक गिटार, खाली चार सरळ कॉर्ड्स, आणि वर गाणं. क्रम्ब यांनी गायिकेभोवती चार तालवादक उभे केले आणि जोडीला ध्वनिवर्धक लावलेला पियानो ठेवला. फिडलवाल्याला बोलावणं नाही, बॅन्जोवाल्यालाही नाही. रचनेचं नाव ठेवलं ‘अन्टू द हिल्स’. बायबलमधल्या १२१व्या स्तोत्राच्या सुरुवातीला डोंगरांकडे डोळे लावण्याची जी ओळ आहे, त्यातले हे शब्द.

तालवाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्या, आणि त्यातही ‘माझ्या डोंगरांवर काहीतरी करायचंय’ म्हणणाऱ्या कोणालाही हे प्रकरण सावकाश उलगडून पाहण्यासारखं आहे. डोंगर आणायचा म्हणजे नेमकं काय आणायचं, हा खरा पेच असतो. तिथली चाल आणायची, तिथलं वाद्य आणायचं, की तिथला देखावा? क्रम्ब यांनी यातलं काहीच मुख्य धरलं नाही. त्यांनी अंतर आणलं. त्यांच्या लेखनात डोंगर आहे तो आवाज विरण्यात; आणि चाल आयती हातात आली तेव्हासुद्धा त्यांनी चाल तशीच ठेवून सगळी मेहनत विरण्यावरच घेतली. निदान माझं वाचन असं आहे, आणि पुढचा सगळा लेख त्या वाचनाची पडताळणी आहे.

कान कुठे घडला

क्रम्ब यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९२९ चा, चार्ल्सटन शहरातला. (त्याच दिवशी न्यूयॉर्कचा शेअर बाजार गडगडला. चरित्र लिहिणाऱ्यांना हा योग सोडवत नाही. संगीताशी त्याचा काडीचा संबंध नाही.) वडील क्लॅरिनेट वाजवायचे, आई चेलो. म्हणजे घरात पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि उंबऱ्याबाहेर चर्चमधली स्तोत्रगीतं आणि लोकगीतं, असा दुहेरी खुराक.

चार्ल्सटन कनॉवा नदीच्या काठी, एल्क नदी तिला येऊन मिळते तिथे वसलंय. मधे चिंचोळी सपाटी आणि दोन्ही अंगांना झाडीने गच्च भरलेले डोंगर. अ‍ॅपलाचियन रांगा फार पुरातन. झिजून झिजून माथे गोल झालेले. टोकदार सुळके नाहीत, बर्फाची शिखरं नाहीत. कॅलेंडरवर छापावा असा हा डोंगर नव्हेच. पण दरीत राहणाऱ्याला तो दिसतो त्याहून जास्त ऐकू येतो. नदीपलीकडून मारलेली हाक एकदाच पोचत नाही. ती या अंगाने येते, त्या अंगाने येते, आणि दर खेपेला थोडी मऊ, थोडी धूसर होऊन येते.

क्रम्ब स्वतः याबद्दल स्पष्ट बोलत. प्रत्येक संगीतकाराला जन्मगावाचा एक ध्वनिपरिसर वारशाने मिळतो, आणि आपल्याला मिळाला तो डोंगरांमधल्या नदीच्या दरीचा, पडसादांचा. तोच कानात घट्ट बसला आणि आपल्या सगळ्या संगीताचा मूळ अवकाश झाला, अशा आशयाचं त्यांनी लिहून ठेवलंय. असल्या विधानांकडे मी एरवी जरा संशयाने बघतो. कलावंत मोठा झाला की बालपणीची नदी आपोआप खळाळू लागते. पण इथे एक गोष्ट क्रम्ब यांच्या बाजूने आहे. १९५९ ते १९६४ ते कोलोरॅडो विद्यापीठात शिकवत होते, बोल्डरला, म्हणजे थेट रॉकीजच्या पायथ्याशी. अमेरिकेतले सगळ्यात रुबाबदार डोंगर खिडकीतून दिसत असताना या माणसाने आपल्या कानाचं श्रेय दिलं ते मागे सुटलेल्या बुटक्या, झाडीभरल्या दरीला. देखाव्याचा सोस असता तर रॉकीज हाताशी होत्या.

याच्या उलट टोकाला रिचर्ड स्ट्राउस यांची १९१५ ची ‘आल्पाइन सिम्फनी’ ठेवून पाहावी. तिच्यात वारा काढणारं यंत्र आहे, गडगडाटाचं यंत्र आहे, गाईंच्या गळ्यातल्या घंटा आहेत, पडद्यामागे बारा हॉर्न आहेत. झक्कास कारागिरी, वादच नाही. पण तो चढून जाणाऱ्याचा डोंगर आहे : सकाळी निघायचं, माथा गाठायचा, वादळ गाठतं, संध्याकाळी खाली. क्रम्ब यांच्या डोंगरावर कोणी चढत नाही. ऐकणारा खालीच आहे, दरीत.

अ‍ॅपलाचिया म्हटलं की हटकून आठवणाऱ्या ‘अ‍ॅपलाचियन स्प्रिंग’ची गोष्ट तर मजेशीरच. संगीतकार आरन कोपलंड न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे. त्यांनी १९४४ मध्ये ते संगीत नृत्यासाठी लिहिलं तेव्हा हे नाव ठरलेलंच नव्हतं; नृत्यदिग्दर्शिका मार्था ग्रॅहम यांनी ते नंतर एका कवितेतून उचललं. तरी लोक पुढे वर्षानुवर्षं कोपलंडना सांगत राहिले की तुमच्या संगीतात आम्हाला ते डोंगर अगदी साक्षात दिसतात. नावाने केवढं काम होतं याचा हा नमुना. त्यामुळे क्रम्ब यांची रचना तपासताना नावाला भुलायचं नाही, तंत्र काय म्हणतंय ते बघायचं.

तीस वर्षांची पूर्वतयारी

‘अन्टू द हिल्स’ अचानक उगवलं नाही. दूरचा आवाज कागदावर कसा उतरवायचा, याचे प्रयोग क्रम्ब यांच्याकडे साठच्या दशकापासून चालू होते.

१९६७ च्या ‘एकोज ऑफ टाइम अँड द रिव्हर’ला पुढच्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्यात वाद्यवृंदातले वादक जागेवर बसून राहत नाहीत. ठरावीक वेळी मंचावरून मिरवणुकीसारखे चालत जातात, म्हणजे आवाजाची जागा सरकते. याच रचनेत वादक वेस्ट व्हर्जिनियाचं लॅटिन ब्रीदवाक्य उच्चारतात : डोंगरी माणसं सदा स्वतंत्र असतात. फक्त क्रम्ब यांनी त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह टाकलंय. त्या राज्याचा इतिहास थोडा जरी माहीत असला तरी हे प्रश्नचिन्ह टोचतं. कोळशाच्या खाणी, कंपनीच्या मालकीची गावं, आणि १९२१ मध्ये ब्लेअर माउंटनला हजारो खाणकामगारांनी उचललेल्या बंदुका. क्रम्ब यांच्या जन्माआधी जेमतेम आठ वर्षं. त्यांच्या मनात नेमकं हेच होतं असा माझा दावा नाही. पण मायभूमीवर लिहिताना तिला नुसतं ओवाळायचं नाही, हे त्या एका चिन्हातून दिसतं. डोंगरावर लिहिणारे बहुतेक जण हे चिन्ह विसरतात.

१९६९ च्या ‘नाइट ऑफ द फोर मून्स’मध्ये बॅन्जो आहे, पण लोकसंगीताच्या थाटात नाही, आणि शेवटी वादक एकेक करून मंच सोडतात, पुढचं संगीत बाहेरून ऐकू येतं. १९७० च्या ‘एन्शन्ट व्हॉइसेस ऑफ चिल्ड्रन’मधली युक्ती तर जवळून पाहण्यासारखी आहे. गायिका उघड्या पियानोवर वाकून, तारांच्या तोंडाशी गाते. पियानोचं उजवं पेडल दाबून ठेवलेलं असतं, म्हणजे सगळ्या तारा मोकळ्या. ती एखादा स्वर लावते आणि थांबते. पियानोला कोणी बोटही लावलेलं नसतं, तरी ज्या ज्या तारांचा त्या स्वराशी किंवा त्याच्या उपस्वरांशी (मूळ स्वरासोबत आपोआप निघणाऱ्या वरच्या स्वरांशी) मेळ आहे त्या आपसूक थरथरतात आणि आतून तिचाच आवाज परत येतो. नुसता स्वर नाही, स्वरवर्णाचा रंगसुद्धा : ‘आ’ गायलं तर ‘आ’चा झाकोळलेला जाब, ‘ई’ला ‘ई’चा. तानपुऱ्यांच्या मधे बसून गाणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. क्रम्ब यांनी त्याची दरी केली, एवढंच.

आणि १९८६ च्या ‘अ‍ॅन इडिल फॉर द मिसबिगॉटन’साठी, म्हणजे एक ध्वनिवर्धक लावलेली बासरी आणि तीन तालवादक यांच्यासाठी, त्यांनी सुचवलेली आदर्श बैठक अशी : ऑगस्टमधली चांदणी रात्र, तळ्याच्या पलीकडून, लांबून ऐकावं. कुठला सभागृहचालक हे जमवून देणार? पण सूचना वाचली की कळतं, हा माणूस लिहितानाच अंतर मोजून लिहितो.

दूरचा आवाज म्हणजे काय

आता मुख्य कारागिरीकडे येऊ. नवशिक्या रचनाकाराची समजूत असते की दूरचा आवाज म्हणजे हळू आवाज. म्हणून तो ‘पीपीपी’, म्हणजे अगदी हळू, असं लिहितो आणि मोकळा होतो. सभागृहात बसलेल्याला मात्र दूरचा डोंगर ऐकू येत नाही. समोरच उभा असलेला एक माणूस जपून वाजवताना ऐकू येतो.

अंतराने आवाजाला तीन गोष्टी होतात. तो उतरतो : मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने. तो बोथट होतो, कारण हवा आणि झाडी वरचे बारीक, चकचकीत उपस्वर आधी खातात. आणि त्याची ठोक, म्हणजे आघाताचा पहिला क्षण, पुसट होते. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित. जवळीक कानाला कळते ती आघातावरून. काठी कातड्यावर पडल्याचा ‘टक्’ ऐकू आला की वादक दहा हातांवर आहे हे मेंदूने ठरवलंच. मग तुम्ही कितीही हळू वाजवा.

तालवाद्य म्हणजेच आघात, मग हा आघात लपवायचा कसा? त्यासाठी तालवादकांच्या पोतडीत बरंच काही असतं. व्हायब्राफोनच्या (हे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) पट्टीवर मॅलेट, म्हणजे गुंडी लावलेली काठी, मारण्याऐवजी तिच्या कडेवरून चेलोचा गज ओढला की स्वर सुरुवातीशिवायच उमटतो; कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. क्रोटाल्स या लहान, सुरात लावलेल्या पितळी चकत्यांवरही गज चालतो. बास ड्रमवर लोकरी गुंड्यांच्या दोन मॅलेट्सनी केलेला अतिमंद रोल, म्हणजे न थांबता चाललेली थरथर, ऐकू येण्याआधी पोटात जाणवतो. टॅम-टॅमची तर रीतच वेगळी. हा मोठा, ठरावीक सूर नसलेला घंटाथाळा. त्याच्यावर थंडपणी एकदम ठोका टाकला तर आघात पुढे येतो आणि नाद मागून फुलतो. म्हणून जाणता वादक आधीच्या रिकाम्या मात्रांत मॅलेटच्या मऊ अंगाने त्याला दोन-चार वेळा नुसतं गोंजारतो. कोणाला ऐकू जात नाही, पण थाळा आतून हलायला लागलेला असतो. मग खरा ठोका पडतो तो आधीच जागा असलेल्या धातूवर, आणि आवाज कुठूनतरी उगवल्यासारखा येतो. हे स्कोअरमध्ये, म्हणजे लिहिलेल्या स्वरलिपीत, नसलं तरी चांगले वादक करतातच. रचनाकाराने एवढंच करायचं की त्याला त्या रिकाम्या मात्रा द्यायच्या. ठोक्याच्या अगदी आधीपर्यंत त्याच वादकाच्या हातात मारिंबाचे (लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचे) जलद तुकडे भरले, तर तो थाळ्याला गोंजारणार कधी?

पडसादाचं गणित याहून वेगळं आहे, आणि इथेच बरीच मंडळी घसरतात. २२ अंश तापमानाला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर. शाळेत शिकलेला १७.२ मीटरचा आकडा यातूनच येतो : इतक्या अंतरावरून परतलेला आवाज सेकंदाचा दहावा भाग उशिरा येतो आणि वेगळा ऐकू येऊ लागतो. याच हिशेबाने एक सेकंद उशिरा येणारा पडसाद म्हणजे १७२ मीटरवरचा डोंगर. लय मिनिटाला ६० ठेवली तर एक मात्रा म्हणजे तेवढी दरी. इथपर्यंत सोपं. म्हणून रचनाकार काय करतो, पहिल्या वादकाने वुडब्लॉकवर, म्हणजे पोकळ लाकडी ठोकळ्यावर, एक तुकडा वाजवायचा, दुसऱ्याने तोच एका मात्रेने, तिसऱ्याने दोन मात्रांनी, चौथ्याने तीन मात्रांनी. तालमीत ऐकलं की दरी गायब. उरतो तो शाळकरी कॅनन, एकामागून एकाने तीच चाल उचलण्याचा.

कारण उघड आहे. निसर्गातली दरी मात्रेत बसत नाही. समजा समोरचा उतार १७२ मीटरवर, डावीकडचा २९० वर आणि खिंडीपलीकडचा ४६० वर. पडसाद परततील १ सेकंदाने, साधारण १.७ सेकंदाने आणि २.७ सेकंदाने. दुसरा आणि तिसरा पडसाद मात्रेला चिकटत नाहीत, मात्रेच्या जरा अलीकडे पडतात. तो तिरकेपणाच कानाला सांगतो की हे माणसाने मोजून वाजवलेलं नाही. शिवाय दर पडसादाला मॅलेट बदलायला हवं : कडक रबर, मग मऊ रबर, मग दोऱ्याने गुंडाळलेलं. म्हणजे नुसता आवाज उतरणार नाही, धारही उतरेल.

हे लिहायचं कसं? मात्रांच्या भाषेत १.७ लिहायला गेलं तर कागदावर अपूर्णांकांचं जंगल उगवतं आणि वादक मोजण्यात अडकून ताठरतो. क्रम्ब यांच्या हस्तलिखित स्कोअर्समध्ये याची वाट सापडते. ते अनेक ठिकाणी मात्रा सोडून सरळ सेकंद लिहितात, कोरी जागा सोडतात, जिथे स्वर नाही तिथे पाच रेघासुद्धा ओढत नाहीत. त्यांचे गोल आणि क्रॉसच्या आकाराचे स्कोअर्स पाहून लोक त्यांना चित्रं म्हणतात, भिंतीवर लावतात. मला त्यापेक्षा त्या कोऱ्या जागा मोलाच्या वाटतात. वादकाला तिथे मोजायचं नसतं, ऐकायचं असतं : आधीचा आवाज किती विरला ते बघ आणि मग ये.

आता एक अडचण. चांगल्या सभागृहाला स्वतःचीच दोन सेकंदांच्या आसपासची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, असते. त्यात टॅम-टॅमसारख्या लांब नादाच्या वाद्यावर पडसाद लिहिला तर सगळं एकमेकांत कालवून जातं. पडसादाला कोरडं वाद्य लागतं, वुडब्लॉक, क्लेव्हज (एकमेकांवर आपटायच्या लाकडी कांड्या), ताणून लावलेला छोटा ड्रम. आणि अंतराच्या धुक्याला लांब आसेचं. दोन्ही कामं एकाच वेळी एकाच वादकाला देता येत नाहीत. चार वादक का लागतात, याचं उत्तर माझ्या मते इथे आहे. दोघांनी धुकं धरायचं, दोघांनी पडसाद द्यायचे, आणि पियानोने पेडल उघडं ठेवून या चौघांचं उरलंसुरलं गोळा करायचं. ध्वनिवर्धकही आवाज वाढवायला नाही. पियानोच्या पोटातली जी कुजबुज तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचली नसती, ती शेवटच्या रांगेत नेऊन ठेवायला.

चालीला हात लावायचा नाही

‘अन्टू द हिल्स’मध्ये पहिल्यांदाच या सगळ्या सामग्रीसमोर खरीखुरी गाणी येऊन उभी राहिली. ‘पुअर वेफेअरिंग स्ट्रेंजर’ हे त्यातलं एक : जॉर्डन ओलांडून आपल्या माणसांच्या घरी निघालेल्या वाटसरूचं. क्रम्ब यांनी चाली बहुतांशी आहेत तशा ठेवल्या. गायिकेकडून ऑपेराचा कमावलेला आवाज नको, लोकगीत गाणारीचा साधा गळा हवा, असा आग्रह धरला.

हे ऐकायला नम्रपणाचं वाटतं, पण त्यात व्यवहारही आहे. सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस १९१६ ते १९१८ या काळात अ‍ॅपलाचियात हिंडून गाणी टिपत होते, तेव्हा त्यांना अशा कितीतरी चाली भेटल्या की ज्यांत सप्तकातले एक-दोन स्वर वगळलेलेच. पाच स्वरांच्या अशा चालीत लगतचे अर्धस्वर नसतात. म्हणून पेडल उघडं ठेवून, घंटा वाजत्या ठेवून, आधीचे स्वर विरू न देता पुढचे त्यांच्यावर टाकत गेलात तरी आपसात भांडण होत नाही. चालीचा प्रत्येक स्वर मागच्या स्वरांच्या आसेवर उभा राहतो. क्रम्ब यांनी या चालीत एखादा अर्धस्वर घुसडला असता, तर ती आधुनिक झाली असती आणि सगळं धुकं नासलं असतं. आधुनिकपणा भोवतीच्या तालवाद्यांकडे ठेवला, आणि तिथे मात्र हात अजिबात आखडता घेतला नाही.

या गीतमालेच्या मधोमध गायिकेविना एक तुकडा आहे, ‘अ‍ॅपलाचियन एपिफनी’. सूर्यास्त आणि कातरवेळेचं स्तोत्र असं त्याचं उपशीर्षक. मला ही जागा सगळ्यात धीट वाटते. श्रोता आतापर्यंत गाण्याला धरून बसलेला असतो. गाणं काढून घेतलं तर नुसतं भोवताल उभं राहतं का, याची ती परीक्षा. राहतं, पण केवळ आधीच्या गाण्यांनी कान तयार केलेला असतो म्हणून. हाच तुकडा सुरुवातीला ठेवला असता, तर तो सुंदर आवाजांचा संग्रह वाटला असता. क्रम नीट लावणं ही तालवाद्यवृंदाच्या रचनेतली अर्धी लढाई असते.

जे पटत नाही

क्रम्ब यांची तालवाद्यं जगभरातून गोळा केलेली. तिबेटी, आफ्रिकी, जपानी, लॅटिन अमेरिकी. गाढवाच्या जबड्याच्या हाडापासून प्रार्थनेच्या दगडांपर्यंत त्यांनी वेगवेगळ्या रचनांत काय काय वाजवलंय. मग ही वेस्ट व्हर्जिनियाची दरी कशी? हा प्रश्न रास्त आहे. याचं बळकट उत्तर असं की ते वाद्य निवडतात ते त्याच्या विरण्यावरून, पासपोर्टवरून नाही. वाद्य कुठलं आहे यापेक्षा त्याची आस किती सेकंदांची, तिचा रंग काळवंडत जातो की उजळत, एवढंच ते बघतात. बहुतेक ठिकाणी हे उत्तर मला पुरतं. काही ठिकाणी नाही. एकेका गाण्यात इतकी नवी वाद्यं येऊन जातात की कान दरीतून उठून दुकानात जातो : हे काय वाजलं, ते काय वाजलं. नेमक्या त्या क्षणी गाणं हातातून सुटतं. निम्म्या वाद्यांत काम झालं असतं असं मला त्या जागा ऐकताना प्रामाणिकपणे वाटतं.

दुसरी तक्रार व्यवहाराची. चार वादकांची ही वाद्यं मांडायला मंच अपुरा पडतो, एका वादकाला तीन-तीन टेबलं सांभाळावी लागतात, आणि तालमीचा मोठा भाग हालचाल बसवण्यातच जातो : कुठली काठी कुठे ठेवायची, पान कोण उलटणार, गजाला राळ कधी लावायची. हळुवार संगीतात काठी टेबलावर ठेवल्याचा आवाजही संगीतात जमा होतो; टेबलावर जाड कापड हवंच. विद्यार्थ्यांच्या वृंदाला हे झेपणं कठीण. म्हणून या मार्गाने लिहू पाहणाऱ्याने आधी दोन लांब आसेची आणि दोन कोरडी, अशी चारच वाद्यं घेऊन दरी उभी राहते का ते पाहावं. चारांत राहिली नाही तर चाळीसांतही राहत नाही.

पुढे काय झालं

अ‍ॅनच्या फर्माइशीने बांध फुटला म्हणायला हरकत नाही. एका गीतमालेवर थांबणार होतं ते प्रकरण ‘अमेरिकन साँगबुक’ या मालिकेत २०१० पर्यंत सात भागांवर गेलं : स्तोत्रगीतं, आफ्रिकी-अमेरिकी स्पिरिच्युअल्स म्हणजे भक्तिगीतं, यादवी युद्धाच्या काळातली गाणी. मांडणी तीच : आवाज, चार तालवादक, ध्वनिवर्धक लावलेला पियानो. एकच मांडणी सात वेळा वापरल्यावर जी सवय होते ती उत्तरार्धात जाणवते, पण पंचाहत्तरीतल्या माणसाने एवढा ऐवज द्यावा यापुढे ती तक्रार किरकोळ.

आणि मग नव्वदीच्या उंबरठ्यावर, २०१८ मध्ये, त्यांनी ‘क्रोनोस-क्रिप्टोस’ लिहिलं. यात फक्त पाच तालवादक. गाणारी नाही, शब्द नाहीत. चार भागांपैकी एकाचं नाव ‘अ‍ॅपलाचियन एकोज’. आयुष्यभर तालवाद्यांत गुंतलेल्या या माणसाने निव्वळ तालवाद्यवृंदासाठी लिहायला इतका उशीर का केला, याचं नवल अनेकांना वाटलं. मला तो उशीर सुसंगत वाटतो. आधी गाण्याच्या आधाराने भोवताल उभं केलं, मग मधल्या तुकड्यात गाणं काढून पाहिलं, आणि वीसेक वर्षांनी गाणं पूर्णच बाजूला ठेवलं. अ‍ॅन २०१९ मध्ये गेली, क्रम्ब फेब्रुवारी २०२२ मध्ये.

या रचना बसवू पाहणाऱ्या वृंदांपुढे एक प्रश्न हमखास येतो : अमुक वाद्य मिळत नाही, दुसरं चालेल का? कोरड्या वाद्यांत चालेल. एका वुडब्लॉकऐवजी दुसरा, हा ड्रम नाही तर तो. धार आणि उतरण सांभाळली की पडसाद टिकतो. लांब आसेच्या वाद्यांत मात्र तडजोड करू नये. मीटरभर व्यासाच्या टॅम-टॅमच्या जागी लहान थाळा घेतला तर आवाज लवकर फुलतो आणि लवकर विझतो, आणि पुढच्या वादकाने ज्या विरण्याकडे कान लावून थांबायचं ते विरणंच उरत नाही. असा थाळा भाड्याने आणावा, दुसऱ्या वृंदाकडून मागून आणावा, तोवर कार्यक्रमाची तारीख पुढे ढकलावी.